ज्यानं भरलं, त्यालेच वजावट

माझ्या नणंदेच्या दिरांनी उभ्या आयुष्यात एकच चूक केली, आणि ती माझी होती. केली मी, नोंद मात्र त्यांच्या नावावर. माझ्या फायलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात ती आजही वाचायला मिळते : 'चूक – एक. स्वतःची.' ती खोडून टाका म्हणून मी त्यांना कितीदा विनवलं असेल, पण एकदा लिहिलेलं खोडणं हा गुन्हा त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखाल येतो. तेव्हा आता मीच सांगून मोकळी होते. सत्तरी जवळ आली की बाईनं दोन गोष्टी हलक्या कराव्यात, कपाटातल्या साड्या आणि पोटातला मूर्खपणा. साड्या नातीनं आधीच पळवल्या आहेत.

चौदाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पंचावन्नची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. यांनी निवृत्तीच्या पैशातून हुडकेश्वरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि माझ्या नावावर केला. 'हे तुझं, तूच सांभाळ,' म्हणाले, आणि श्वास न घेता पुढे म्हणाले, 'नाही जमलं तर सांग, विकून टाकू.' पहिल्या वाक्यानं मी सुखावले आणि दुसऱ्यानं पेटले. भाडेकरू मीच शोधला. माझ्या माहेरच्या गावाकडचा, मौद्याच्या वीज प्रकल्पात नोकरीला लागलेला पोरगा. मला मावशी म्हणायचा. आता मावशी म्हणणाऱ्यापुढे भाड्याचा विषय काढायचा म्हणजे आमच्याकडे जीभ जड होते. माहेरच्या माणसाला चहा विचारतात, भाडं नाही. वर्षभरानं भाडं वाढवायची वेळ आली तेव्हा मी एक नामी युक्ती काढली. त्याला म्हटलं, भाडं राहू दे तेवढंच, फ्लॅटचा घरटॅक्स तेवढा तू भरत जा. तो खूश, मीही खूश. कोणाला कोणाकडे तोंड वेंगाडायला नको.

इथवर ठीक होतं. पण माझं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा तो घरटॅक्स मी माझा खर्च म्हणून दाखवला. फ्लॅट माझा, टॅक्स फ्लॅटचा, मग खर्च दुसऱ्या कोणाचा असेल? आणि एकदा हात सैल सुटल्यावर मी थांबते थोडीच. भिंतींचा रंग, पाण्याची मोटर, दोन कुलपं, वास्तुशांतीची दक्षिणा, भाडेकरूच्या मुलीच्या बारशाला दिलेले चांदीचे वाळे आणि फ्लॅट बघायला जाण्या-येण्याचा ऑटो, असं सगळं एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढलं. ऑटोतून उतरून प्यालेला उसाचा रसही लिहिणार होते, पण ग्लास दोन झाले होते आणि यांनी मला साखरेवरून ताकीद दिलेली होती. हा सगळा ऐवज घेऊन मी बाजारातल्या एका टायपिंगवाल्याकडे गेले. तो बिचारा सांगाल ते टाइप करायचा. कोणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मी गृहअर्थशास्त्र घेऊन बीए झाले होते.

पुढच्या वर्षी यांनी सहज म्हणून भाऊजींना घरी बोलावलं. भाऊजी म्हणजे तेच, नणंदेचे दीर. सीताबर्डीवर एका करवकिलाच्या ऑफिसात त्यांनी अडतीस वर्षं कारकुनी केली. वकीलसाहेब आयकराच्या साहेबांपुढे उभे राहून जे बोलायचे ते भाऊजींनी आदल्या दिवशी पेन्सिलीनं लिहून दिलेलं असायचं, असं लोक म्हणत. नातेवाइकांत तोवर माझी त्यांची ओळख एवढीच की एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला बुंदी वाढली होती. ते आले, दिवाणावर स्वतःची पिशवीतली उशी ठेवून त्यावर बसले, एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि माझे कागद एकेक करून उलटू लागले. लग्नपत्रिकेपाशी थोडे थबकले. घरटॅक्सच्या पावतीपाशी आले तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "हे कोणं भरलं?"

मी सांगितलं, भाडेकरूनं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

मग त्यांनी आम्हा दोघांना शांतपणे समजावलं. भाड्याच्या उत्पन्नातून घरटॅक्स वजा होतो, पण तो मालकानं स्वतः भरलेला पाहिजे आणि त्याच वर्षात भरलेला पाहिजे. भाडेकरूनं भरला तर मालकाला त्यातलं काही मिळत नाही. उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरकार सरसकट सोडून देतं. रंग, मोटर, कुलपं, जे काय असेल ते त्या तीस टक्क्यांत आलं. त्याची वेगळी बिलं लावायची नसतात, आणि वाळे तर अजिबातच नाही. शेवटी त्यांनी तो नियम सांगितला, जो पुढे बारा वर्षं मी दर मार्चमध्ये ऐकणार होते : "ज्यानं भरलं, त्यालेच वजावट."

यांचा राग आवाजाचा नव्हता. हे गप्प व्हायचे आणि घरातलं घड्याळ ऐकू यायला लागायचं. तसं ते ऐकू यायला लागलं. मग यांनी विचारलं, "हे असं करायला तुला सांगितलं कोणी?" माझ्या डोळ्यांपुढे हुडकेश्वरच्या फ्लॅटच्या दारावर 'विकणे आहे'ची पाटी दिसायला लागली. मी काही बोलायच्या आत भाऊजींनी पेनाचं टोपण लावलं आणि यांच्याकडे बघत म्हणाले, "मीच सांगतलं होतं वहिनींले. लग्नात भेटल्या तेव्हा. सांगण्यात गफलत माझी झाली."

लग्नात ते मला फक्त 'अजून वाढू का' म्हणाले होते.

हे आत गेल्यावर मी हळूच विचारलं की असं का केलंत. भाऊजी पावत्यांना टाचणी लावत होते. म्हणाले, "चूक कोणाची हे पाहाचंच नसते वहिनी. कोणाच्या नावावर टाकली तं स्वस्त पडते, ते पाहाचं. माझ्या नावावर स्वस्त पडली." सुधारलेलं रिटर्न गेलं, थोडा कर भरला, फ्लॅट माझ्या हातात राहिला. चार वर्षांनी हे गेले. तेव्हा घरातल्या सगळ्या कागदांपुढे मी भांबावले होते, फक्त हुडकेश्वरच्या कागदांपुढे नाही. त्या फ्लॅटच्या भाड्यावर मी कोणाच्या तोंडाकडे न बघता उभी राहिले. त्या दिवाणावर भाऊजी खोटं बोलले नसते तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

त्या दिवसापासून माझी फाईल भाऊजींकडे गेली. त्यांच्याकडे अशा सात फायली आहेत, सातही बायकांच्या. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा मुलगा परदेशात, प्रत्येकीचं एखादं घर नाहीतर दुकानाचा गाळा भाड्यानं दिलेला. फी घेत नाहीत. फी विचारली की म्हणतात, गोळाभात. तोही माझ्या पद्धतीचा नाही, माझ्या सासूच्या पद्धतीचा. म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे गोळे फुटायला नकोत आणि वरच्या फोडणीच्या तेलाला मोहरीपेक्षा हिंगाचा वास यायला हवा. प्रत्येक फाईल ते परकराच्या नाडीनं बांधतात. इतवारीतून नाड्यांची अख्खी गुंडी आणतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. माझी नाडी जांभळी. एकदा त्यांच्या घरी मी दारातूनच ऐकलं, ते फोनवर कोणाला तरी गंभीरपणे सांगत होते, "तुमची हिरवी नाडी मी काल सोडली, आता पुन्हा बांधून राहिलो." शेजारच्या बाईनंही ते ऐकलं, तेव्हापासून ती त्यांच्याशी जरा जपूनच बोलते.

कागदांच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा : मूळ पावती त्यांच्याकडे, झेरॉक्स आपल्याकडे. बायका मूळ पावती सांभाळत नाहीत, तिच्यावर दुधाचा हिशेब लिहितात, असं त्यांचं म्हणणं आहे. यात माझ्याकडे बोट होतं हे मी नाकारत नाही. घरटॅक्स आता मोबाइलवरून भरता येतो हे त्यांना ठाऊक आहे, पण शिक्क्याशिवायची पावती म्हणजे त्यांच्या मते बिनकुंकवाची पत्रिका. त्यामुळे मार्च लागला की आम्हा सातजणींना फोन सुरू होतात. 'राम राम' नाही, 'कशा आहात' नाही, थेट "भरला का?" मार्चअखेरीला नागपूरचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. त्या उन्हात ते घडीचं स्टूल घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन बसतात, कोणी आपल्यापैकी रांगेत दिसली की हायसं वाटून, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेली कांद्याची फोड काढून हुंगतात आणि घरी जातात.

एका वर्षी त्यांच्या पुतणीचा साखरपुडा नेमका एकतीस मार्चला आला. मुलाकडची मंडळी मोठ्या थाटात आली. सुपारी फोडायची वेळ झाली आणि भाऊजींनी मुलाच्या बापाशेजारी बसून गोड आवाजात विचारलं, की तुमचा एक गाळा भाड्यानं दिलेला आहे म्हणे, यंदाचा टॅक्स भरला का? त्या गृहस्थांनी हसून सांगितलं, भरू की सावकाश, एप्रिलमध्ये. भाऊजी उठून उभे राहिले. म्हणाले, एप्रिलमध्ये भरला तर यंदाची वजावट गेली, आणि जो माणूस स्वतःची वजावट सोडतो तो सुनेला काय सांभाळणार. पुतणीच्या आईच्या डोळ्याला पाणी आलं. शेवटी मुलाचा बाप भाऊजींच्याच स्कूटरवर मागे बसून गेला, टॅक्स भरून तासाभरानं परत आला आणि मग सुपारी फुटली. त्या पुतणीचा संसार उत्तम चालला आहे आणि तिचे सासरे आता पहिल्या हप्त्यालाच टॅक्स भरतात. भाऊजी म्हणतात, सोयरीक अशी तपासून घ्यावी लागते.

पण त्यांचा खरा वेडेपणा त्या तीस टक्क्यांबद्दलचा. सरकार ते तीस टक्के कसलंही बिल न मागता सोडतं. जगातला कोणीही शहाणा माणूस इथे गप्प बसेल. भाऊजी बसत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की सरकारनं ते घराच्या झिजेसाठी विश्वासानं सोडलेत, तेव्हा ते घरावरच लागले पाहिजेत. "कायदा विचारत नाही, म्हणून मले विचाराव लागते," असं ते म्हणतात. त्यासाठी दरवर्षी रिटर्न भरण्याआधी ते सातही घरं स्वतः जाऊन पाहतात. चपला बाहेर काढतात, घोटभर पाणी मागतात, नळ सोडून बघतात, भिंतीला पालथा हात लावून ताप बघावा तशी ओल बघतात. सध्या माझ्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं राहतं, दोघंही मिहानमध्ये नोकरीला. पहिल्यांदा भाऊजी गेले तेव्हा त्यांना वाटलं घर विकायला काढलंय आणि हे गिऱ्हाईक. मुलीनं घाबरून त्यांना चहा दिला आणि घर घेऊ नये म्हणून सगळे दोष सांगितले. कूलरच्या पाण्यानं खिडकीखालची भिंत फुगली आहे, न्हाणीघराची कडी लागत नाही, पावसात स्वयंपाकघरात थेंब पडतो. भाऊजींनी सगळं लिहून घेतलं आणि तिथून थेट माझ्याकडे आले. मी त्या वर्षी एक पैठणी घेतली होती आणि नेमकी तीच नेसून बसले होते. त्यांनी साडीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वहिनी, खिडकीखालची भिंत तुम्ही नेसून बसल्या."

भिंत दुरुस्त झाली. कडी लागली. ती पैठणी मी आजही नेसले की मला ओलीचा वास येतो. ते जोडपं मात्र पाच वर्षं झाली, फ्लॅट सोडायचं नाव काढत नाही, आणि दिवाळीला पहिला डबा मला नाही, भाऊजींना जातो.

एवढ्या वर्षांत भाऊजींचा आकडा कधी चुकला नाही याची ख्याती होती आणि त्यांनाही ती चांगलीच ठाऊक होती. 'ज्या दिवशी एक आकडा चुकेल त्या दिवशी सातही नाड्या सोडीन आणि फायली ज्याच्या त्याले परत देईन,' असं ते म्हणायचे. त्यांच्या मंडळी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणायचो, हे ऐकलं की तोंडाला पदर लावायच्या. माई दिसायला अगदी मवाळ, पण जिभेला धार. मला एकदा म्हणाल्या, "लग्नात माणूस बायकोच्या तोंडाकडं पाह्यते वं. यायनं मंगळसूत्राची पावती पाह्यली." पण जुलैच्या दुपारी भाऊजी रिटर्नं लिहायला बसले की माई समोर बसायच्या. भाऊजी सगळं आधी हातानं कागदावर लिहितात, मग ते कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या मुलीकडून भरून घेतात. तर माई एकेक पावती हातात घेऊन मोठ्यानं वाचायच्या, भाऊजी लिहायचे. वाचून झालेली पावती माई स्वतःच्या मांडीखाली सारायच्या. एकदा मी गमतीनं विचारलं की मांडीखाली कशाला. म्हणाल्या, "वर राहिली का पुन्हा लिहून टाकतेत." मी हसले होते. चुका होत नाहीत त्या कोणामुळे, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी गृहअर्थशास्त्र घेऊन बीए झाले होते ना.

यंदा जुलैच्या सुरुवातीला माई गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. आम्ही सगळ्या भेटायला गेलो तेव्हा भाऊजी ओसरीवर बसून होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला माईंची मेडिक्लेमची पावती नीट लावून ठेवली आहे असं सांगत होते. तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "जांभळी सोडली. ओटीपी येईल, सांगजा." ओटीपी आला, मी सांगितला. तो आकडा भाऊजी वेळेसकट वहीत लिहून ठेवतात आणि नंतर त्याच्यापुढे माझी सही घेतात. कशासाठी, हे कॉम्प्युटरवाल्या मुलीलाही माहीत नाही. मला बरं वाटलं. माणूस कामाला लागला, असं आम्ही सातजणी एकमेकींना म्हणालो.

हैदराबादला असलेल्या त्यांच्या मुलाचा मला अधूनमधून फोन येऊ लागला. वडिलांना तिकडे घेऊन जायचं त्याच्या मनात होतं आणि भाऊजी ऐकत नव्हते. मुलगा चांगला आहे, त्याची काळजी खरी आहे. तो म्हणायचा, काकू, बाबा एकटे आहेत, त्या फायलींपायी अडून बसलेत, त्यांच्या कामात एक जरी चूक दिसली तर मला कळवा, मग मी त्यांचं काही ऐकणार नाही. मी त्याला शब्द दिला. चूक दिसणारच नाही याची खात्री होती, म्हणून अगदी सढळ हातानं दिला.

दिवाळीची आवराआवर करताना माझ्या हाती माझ्या रिटर्नची प्रत लागली. सहज चाळली. घरटॅक्सचा आकडा मला जरा धष्टपुष्ट वाटला. माझ्याकडच्या झेरॉक्स काढल्या, भिंग आणलं, कागदावर मांडून पाहिलं. भाऊजींनी यंदाच्या टॅक्समध्ये मागच्या वर्षीची पावतीही मिळवली होती. जी वजावट मला गेल्या वर्षी मिळून चुकली होती, ती यंदा पुन्हा घेतलेली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. बारा वर्षं ज्यानं मला पावत्यांवरून नाचवलं त्याची चूक मला सापडली होती, आणि तीही त्यांच्याच नियमानं. मी उठून आरशात पाहिलं आणि स्वतःला शाबासकी दिली. परत येऊन बसले तेव्हा माईंची मांडी आठवली.

मग मात्र दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सांगितलं तर भाऊजी सातही नाड्या सोडणार आणि मुलगा त्यांना हैदराबादला नेणार. तिथे ते कोणाच्या भिंतीला हात लावून बघणार? गप्प बसले तर माझ्या सहीनं सरकारदरबारी खोटा आकडा जाऊन बसलेला, आणि तो भाऊजींच्या हातचा. तेही बरं नाही. बाकी सहाजणींच्या फायलींत काय असेल, हा विचार तर मी दाराशीच थोपवून धरला होता. शेवटी मला त्यांचंच वाक्य आठवलं. चूक कोणाची ते पाहायचं नसतं, कोणाच्या नावावर स्वस्त पडते ते पाहायचं. मूर्खपणाच्या बाबतीत माझी पत त्यांच्यापेक्षा कितीतरी जुनी. माझ्या नावावर आणखी एक पडली तर कोणाला आश्चर्य वाटणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून गोळाभात केला. गोळे फुटले नाहीत, हा मी शुभशकुन मानला. डबा घेऊन ऑटोनं त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर एकटेच होते. समोर माईंचा पाट अजून तसाच मांडलेला होता, त्यावर नाड्यांची गुंडी. मी डबा ठेवला आणि रस्ताभर पाठ केलेलं बोलून टाकलं. म्हटलं, भाऊजी, माझ्याकडून पुन्हा घोटाळा झाला. यंदाची पावती द्यायला आले तेव्हा तिच्यासोबत मागच्या वर्षीचीही तुमच्या हातात दिली मी. तुम्ही बिचारे माझ्या भरवशावर दोन्ही लिहून बसलात. सुधारून भरायला अजून डिसेंबरपर्यंत मुदत आहे, एवढं मला माहीत आहे. जो फरक आणि जे व्याज बसेल ते मी भरते. वर आणखी हसलेसुद्धा, अगदी पंचावन्नच्या वयात हसायची तशी.

भाऊजींनी जांभळी नाडी सोडली. एका चष्म्यावर दुसरा चढवला. पावत्या बाहेर काढल्या, एक डाव्या हाताला ठेवली, एक उजव्या, आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहत राहिले. मग फाईल उघडून आतला पुठ्ठा पुढे ओढला. 'चूक – एक. स्वतःची.' त्याच्या खाली त्यांनी 'चूक – दोन' असं लिहिलं. पेनानं नाही, पेन्सिलीनं. पुढे कोणाची ते लिहायला हात उचलला आणि तसाच थांबवला. म्हणाले, आधी जेवून घेऊ, गार होईल.

जेवताना त्यांनी हिंग कमी पडल्याचं सांगितलं. मग नवा कागद घेऊन आकडे पुन्हा लिहिले, यंदाचीच पावती धरून. ती लिहून झाल्यावर कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना, थोडा वेळ हातातच धरून बसले. मी पुढे होऊन ती घेतली आणि माझ्या मांडीखाली ठेवली. त्यांनी ते पाहिलं आणि बेरीज करायला घेतली. उन्हं उतरायला लागली तशी मी उठले. पोहोचवायला ते फाटकापर्यंत आले, ऑटोवाल्याला भाडं आधी ठरवून दिलं, मी बसल्यावर माझा रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि ऑटोच्या दांडीला धरून, माझ्याकडे न बघता, म्हणाले :

"वहिनी, मागल्या वर्षीची मूळ पावती तं माझ्याच फायलीत होती, तुमच्यापाशी झेरॉक्स. तुम्ही मले कुठून देणार होत्या? राहू द्या आता. बाकीच्या सहाही सोडून पाहाव्या लागतीन. उद्या दुपारी या. माई वाचे, तसं तुम्ही वाचा, मी लिहितो."